मांडीवरचे टाके

वादळ आलं आणि एका दुपारीत डोंगराची अख्खी बाजू झोपवून गेलं. झाडं एकमेकांवर आडवीतिडवी पडली होती, काही मुळांसकट उलथलेली, काही मधेच वाकून ताणून धरल्यासारखी. लाकडाला कीड लागायच्या आत ती कापून रस्त्याला आणायची होती. मुकादमानं डोंगराचे पट्टे पाडले आणि टोळीतल्या घरटी एक वाटून दिला. पट्टा घराचा असे, माणसाचा नसे. घरातल्या कुणीतरी साखळीची करवत चालवायची, एवढीच अट. चालवणारं कुणी उरलं नाही की पट्टा जाई, त्याच्यामागोमाग टोळीतली जागाही जाई, आणि गेलेली जागा परत मिळाल्याचं वस्तीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

शिलाईकाकूंच्या घरात करवत चालवणारा एकच होता, त्यांचा मुलगा, आणि तो डाव्या मांडीला पट्ट्या बांधून खाटेवर पडून होता. वादळाच्या आधी साध्या फांद्या छाटताना पात्याचं टोक दुसऱ्या फांदीला टेकलं, मशीन उसळलं आणि साखळी मांडीत शिरली. जीव वाचला, पाय वाचला, पण तो पाय कामाला कधी लागेल हे डॉक्टरही सांगत नव्हता.

मुकादम एका सकाळी दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, म्हणजे बातमी वाईट होती.

"पट्टा तूर्त माझ्या मेहुण्याला देतो," तो म्हणाला. "तुझा पाय बरा झाला की बघू."

"बघू म्हणजे?" सुनेनं आतून विचारलं.

"बघू म्हणजे बघू, वहिनी."

"मग मशीन मी चालवते."

मुकादमाला हसू आवरेना. ही बाई टोळीत फांद्या ओढायला यायची, ओझं पुरुषांच्या बरोबरीनं उचलायची, हे त्याला माहीत होतं. पण मशीन म्हणजे मशीन. "चालवा की! परवाना देणाऱ्या परीक्षकापुढे पास व्हा, पट्टा तुमचा. मी कोण नाही म्हणणारा?"

"हसू नकोस रे," खाटेवरून नवरा म्हणाला. "ती बोलली म्हणजे करणार." त्याच्या आवाजात कौतुक कमी आणि धास्तीच जास्त होती.

त्या दिवसापासून मागच्या अंगणात शाळा भरली. मास्तर खुर्चीत, दुखरा पाय स्टुलावर, हातात कुबडी. शिष्येची एकही चूक तो सोडत नसे.

"उभ्यानं सुरू करू नकोस. जमिनीवर ठेव. उजव्या बुटाचं टोक मागच्या मुठीत. डावा हात ताठ. ब्रेक लावलाय का?"

"लावलाय."

"न बघता सांगितलंस. बघून सांग."

ती बघून सांगायची. दोरी ओढायची. मशीन ठसका लागल्यासारखं करायचं आणि गप्प व्हायचं. खांद्यात कळ जायची, तळहाताला फोड यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. मशीन सुरू होऊ लागलं तेव्हा तिला वाटलं अर्धी लढाई जिंकली. मास्तर म्हणाला, "आता खरं शिकायचं. सुरू तर माकडालाही करता येईल."

अंगठा मुठीभोवती गुंडाळलेला पाहिजे, वर ठेवायचा नाही. पात्याच्या टोकानं कापायचं नाही, टोक कुठे टेकू द्यायचं नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही. पाऊल उचलायचं तर आधी ब्रेक. आणि पडलेलं झाड हे उभ्या झाडापेक्षा लबाड असतं, हे तो रोज सांगायचा. ओली छडी दोन विटांवर ठेवून तो मधे बोट दाबून दाखवी. "बघ, मधे झोळ पडलाय. वरची बाजू दबलीय, खालची ताणलीय. आधी दबलेल्या बाजूनं थोडं कापायचं, मग ताणलेल्या बाजूनं येऊन मिळवायचं. उलटं केलंस तर खोड फाटून अंगावर येईल. वरूनच खोल गेलीस तर पातं चिमटीत धरून ठेवील, मग बस ओढत."

"आणि उभं कुठे राहायचं?"

"ते जिकडे उसळणार नाही तिकडे." त्याच्या स्वतःच्या बाबतीत तो भलत्या ठिकाणी उभा होता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

कपड्यांचं मात्र त्याला काही पडलेलं नव्हतं. हेल्मेट घाल, जाळी खाली ओढ, कानांवरचे डबे लाव, हे तो म्हणायचा. पण त्या जाड पँटचं नाव काढलं की तोंड कडू करायचा. मशीनवाल्यांसाठी खास बनवलेली ती पँट, पुढून मांडीपासून घोट्यापर्यंत आत थर भरलेला, उन्हात घातली की माणूस उकडून निघतो. "नियम आहे म्हणून घाल. मला काय उपयोग झाला तिचा? अंगात होती, तरी साखळी हाडापर्यंत गेली."

टोळीच्या कोठारातून तिला नवी पँट मिळाली ती एखाद्या पैलवानाच्या मापाची. त्यात ती दोनदा मावली असती. चालताना पाय पायात अडकायचे.

"आण इकडे," काकू म्हणाल्या.

पुढच्या खोलीत काकूंचं शिलाई मशीन खिडकीखाली होतं आणि वस्तीतला प्रत्येक कपडा कधी ना कधी त्या खिडकीखालून गेलेला होता. काकूंचा टाका बारीक, सरळ आणि कधी न उसवणारा. सुटलेला धागा त्यांना बघवत नसे; परक्याच्या बाहीला लोंबताना दिसला तरी हात पुढे जायचा. सुनेनं करवत हाती घेऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. पण जायचंच असेल तर नीट कपड्यात जावं, एवढं त्यांच्या हातात होतं. त्यांनी पँट दोन्ही अंगांनी आत घेतली, मांडीवर चुण्या घातल्या, आतला थर सरकू नये म्हणून गोधडीला घालतात तसे उभे टाके घातले. दोन दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही.

सुनेनं घालून पाहिली. अंगासरशी बसली होती. ती काकूंच्या पाया पडली आणि काकूंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

परीक्षा डोंगराच्या पायथ्याशी मोकळ्या जागेत होती. टोळी बघायला जमलेली, फुकटची करमणूक कोण सोडतं! परीक्षक सडपातळ, अबोल माणूस. आधी कपडे बघायचा, मग माणूस. त्यानं तिचं हेल्मेट पाहिलं, बूट पाहिले, हातमोजे पाहिले. मग गुडघ्यावर बसून पँटचं कापड मांडीवर चिमटीत धरलं आणि अंगठा टाक्यांवरून फिरवला.

"हे कुणी शिवलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

"सुरेख शिवलंय," तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. "पण ही पँट चालणार नाही. मशीनला हात लावू नका."

"का?"

"आत लांब लांब सुटे धागे आहेत. साखळी वरचं कापड फाडून आत शिरली की हे धागे ओढले जातात, साखळीत आणि चाकात गुंडाळतात, आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. पण धागा सुटा असला तरच ओढला जाईल ना? टाक्यानं बांधून ठेवला, तर साखळी त्याला कापून सरळ पुढे जाते. मग ही पँट आणि लुगडं सारखंच."

टोळीत खसखस पिकली. "परीक्षा शिवणकामाची होती का?" मुकादम म्हणाला, आणि मेहुणा सगळ्यात मोठ्यानं हसला.

परीक्षक हसला नाही. "उद्या सकाळी मी याच वाटेनं परत जाणार आहे. माझ्या गाडीत एक जादा पँट आहे. मोठी आहे, पण खांद्यावरून पट्टे लावता येतील. कमरेला आत काही नसतं, तिथे टाका चालतो. मांडीवर नाही."

न वापरलेलं मशीन खांद्यावर घेऊन ती परत निघाली. हसल्याचं तिला वाईट वाटलं होतं, पण वस्तीच्या तोंडाशी आल्यावर ते विसरून ती थबकली. दुपारच्या उन्हात दोऱ्यांवर कपडे वाळत होते. प्रत्येक मशीनवाल्याच्या दारात धुतलेली, बदलायची दुसरी जाड पँट, आणि बहुतेक पँटींच्या मांडीवर, गुडघ्यावर एक ठिगळ. बारीक, सरळ, कधी न उसवणाऱ्या टाक्यांचं.

घरी येऊन तिनं माळ्यावरून नवऱ्याची ती जुनी पँट काढली. रक्त धुऊनही डाग राहिलाच होता. डाव्या मांडीवर ठिगळ होतं. साखळी बरोबर ठिगळातून गेली होती.

"काय झालं गं?" काकू दारात उभ्या होत्या. "नापास?"

तिच्या मनात आलं, हो म्हणावं आणि विषय संपवावा. हात नीट चालला नाही म्हणावं. या बाईनं तिला लेकीसारखं वागवलं होतं, आणि हे ऐकल्यावर तिची झोप उडणार होती, कदाचित कायमची. पण दोऱ्यांवरच्या पँटी डोळ्यांपुढून हलेनात. उद्या त्या कुणाच्या तरी अंगावर असणार होत्या.

"आई, मागच्या अंगणात चला. मला सांगता येणार नाही. दाखवते."

तिनं एक ओंडका आडवा ठेवला. नवऱ्याच्या पँटचा उजवा पाय, ज्याला कधी सुई लागली नव्हती, ओंडक्यावर ताणून खिळ्यांनी पक्का केला. हेल्मेट चढवलं, जाळी ओढली, मशीन सुरू केलं आणि साखळी कापडावर टेकवली. पांढऱ्या धाग्यांचा लोट उडाला, मशीननं एक गचका दिला आणि बंद पडलं. साखळीत धाग्यांचा गुंता झाला होता. खाली लाकडावर ओरखडाही नव्हता.

चाकावरचं झाकण काढून ती चिमट्यानं धागे ओढत बसली. काकूही शेजारी बसल्या आणि आपल्या बारीक बोटांनी ओढू लागल्या. मग तिनं स्वतःची, कालच अंगासरशी बसलेली पँट ओंडक्यावर ठोकली.

"अगं, नवी आहे ती," काकू म्हणाल्या.

तिनं मशीन टेकवलं. ते थांबलं नाही. टाक्यांवरून गेलं, थरातून गेलं आणि ओंडक्यात घुसलं. पिवळा भुसा कापडावर सांडला.

काकूंनी त्या चिरेत बोट घातलं. "म्हणजे मी," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्याच हातानं."

नवरा कुबडीवर दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. "आई, पँट मीच आणून दिली होती तुला. धागे लोंबतायत, बंद करून टाक, असं मीच म्हणालो होतो."

"तू लाकूड कापणारा. तुला शिलाईतलं काय कळतं? मला कळतं म्हणून तर आणलीस." त्या उठल्या आणि घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात मोठी कापडी पिशवी होती. "माणसं परत आली असतील ना कामावरून?"

"आई, बस जरा," मुलगा म्हणाला. "मी काही म्हणालोय का तुला?"

"तू नाही म्हणणार. म्हणूनच मला बसवत नाही."

सासू-सून वस्तीत निघाल्या. पहिल्या घरी सुनेनंच सांगितलं. दुसऱ्या घरी काकू स्वतः म्हणाल्या, "मी शिवलेली पँट परत दे. मी ती बिघडवलीय. अंगात एक, दोरीवर एक, दोन्ही दे." काहींनी लगेच काढून दिल्या. काहींनी विचारलं, उद्या काय घालू? काकू म्हणाल्या, उद्या जाऊ नकोस. एका घरात बाईनं तोंडावर सुनावलं, "इतकी वर्षं तुमच्या हाताचं नाव काढत होतो, काकू." काकूंनी ते ऐकून घेतलं आणि पिशवी पुढे केली.

मुकादम रस्त्यातच आडवा आला. बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"हे काय चालवलंय? पँट नसेल तर नियमानं माणूस मशीनला हात लावू शकत नाही. उद्या अख्खी टोळी घरी बसवणार का?"

"नव्या येईपर्यंत बसू दे," काकू म्हणाल्या.

"बरं." त्यानं सुनेकडे बोट केलं. "उद्या हिची परीक्षा आहे ना? होऊ दे पास. पण टोळीचं काम बंद पाडून टोळीत जागा मागायची? कोण उभं करील हिला? अजूनही वेळ आहे, काकू. पिशवी रिकामी करा आणि मी काही ऐकलं नाही."

काकू थांबल्या. पिशवीचा बंद त्यांच्या मुठीत वळला गेला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, कारण गमावायचं होतं ते सुनेचं होतं. इतके दिवस फुटलेल्या फोडांचे कष्ट, तो पट्टा, घराची जागा.

"आई," सून म्हणाली, "पुढचं घर."

सकाळी मोकळ्या जागेत टोळी पुन्हा जमली, पण आज कुणी करमणुकीला आलेलं नव्हतं. पँटी गेल्यामुळे माणसं घरच्या कपड्यांत हात बांधून बसली होती. एकटा मुकादम तेवढा जाड पँट घालून ताठ उभा होता. परीक्षकाची गाडी थांबताच त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. काकूंनी मधेच येऊन पिशवी परीक्षकाच्या पायाशी रिकामी केली.

परीक्षक एकेक पँट उचलून अंगठा फिरवत गेला. ढीग संपला तेव्हा तो म्हणाला, "यातली एकही चालणार नाही. नव्या मागवतो. तोवर काम बंद."

काकू मुकादमासमोर गुडघ्यावर बसल्या. बसताना गुडघे वाजले. त्यांनी त्याच्या मांडीवर बोट ठेवलं.

"इथे. तारेत अडकून फाटली होती. तुम्ही म्हणालात, काकू, नव्यासारखी झाली. माझ्या पोरालाही मी नव्यासारखीच करून दिली होती. त्याचा पाय माझ्या टाक्यांनी कामातून गेला, मुकादम. सगळ्यांसमोर सांगते. तुमचा जाऊ देणार नाही. काढा."

मुकादमानं टोळीकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. त्याचा मेहुणाही जमिनीकडे बघत होता. मुकादम गाडीमागे गेला आणि कमरेला रेनकोट गुंडाळून परत आला. रेनकोट आखूड होता.

काकूंनी कमरेची कात्री काढली. या पँटी पुन्हा कुणाच्या अंगावर चढायला नकोत, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. शिवलेलं कापड त्यांनी जन्मात कधी कापलं नव्हतं. जिथे सुई लागलेली नव्हती तिथे सुटे धागे कात्रीत अडकत, ओढत राहत, आणि त्यांना जोर लावावा लागे. ठिगळांवर मात्र कात्री लोण्यातून गेल्यासारखी जाई. हे त्यांच्या लक्षात आलं, आणि प्रत्येक ठिगळाला त्यांचा चेहरा आक्रसत गेला, तरी शेवटची पँट होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

परीक्षकानं जादा पँट सुनेला दिली. खांद्याचे पट्टे होते, पण कमरेची बटणं एकमेकांपासून फार लांब होती.

"आई, बटणं पुढे घेऊन लावा."

"मी नाही आता सुई लावायची."

"कमरेला चालतं म्हणालेत ते. आणि मी दुसऱ्या कुणाकडून लावून घेणार नाही."

काकूंनी परीक्षकाकडे पाहिलं. त्यानं होकाराची मान हलवली. सुईत दोरा ओवायला त्यांना वेळ लागला. पण बटण लागलं ते पक्कं लागलं.

परीक्षेचं झाड दोन उंचवट्यांवर टेकलेलं होतं, मधे झोळ. सुनेनं त्याच्याभोवती एक फेरी मारली. पायाखालच्या फांद्या बाजूला केल्या, मागे सरायची वाट मोकळी केली. चढाच्या अंगाला उभी राहिली. ब्रेक पाहिला, बघून पाहिला. मशीन एका ओढीत सुरू झालं. वरून थोडं कापलं आणि साखळी चिमटायच्या आत बाहेर काढली. मग खालून, पात्याच्या वरच्या अंगानं, धीरानं वर येत गेली. खोड करकरलं. तिचा श्वास जाळीवर ओला होत होता, पण अंगठा मुठीभोवती होता तिथेच होता. खोड खचलं आणि दोन्ही तुकडे जागच्या जागी बसले. तिनं ब्रेक लावला, मगच पाऊल उचललं.

"पास," परीक्षक म्हणाला.

मग त्यानं विचारलं, "पट्ट्यावर हिच्याबरोबर कोण? मशीनवाला एकटा काम करत नाही. जखमेची पट्टी जवळ ठेवून, लांब उभं राहून बघणारं माणूस पाहिजे. काम बंद आहे ते मशीनवाल्यांचं, हिच्याकडे पँट आहे. ही आजच सुरू करू शकते."

टोळीत कुणी हललं नाही. काल कोण उभं करील म्हणाला होता तो मुकादम रेनकोट सावरत उभा होता. काकू पुढे व्हायला निघाल्या.

"काकू, थांबा. तुमच्यानं चढ चढवणार नाही." मुकादम पुढे झाला. "मला आज मशीनला हात लावता येत नाही. कापात ठोकायच्या पाचरी उचलता येतात." त्यानं जखमेच्या पट्टीची पिशवी गळ्यात अडकवली, पाचरींचा डबा उचलला आणि कुणाकडे न बघता चढाला लागला.

पट्ट्यावर पोचल्यावर तिनं पहिलं झाड निवडलं. मशीन जमिनीवर ठेवलं, बुटाचं टोक मुठीत घातलं, आणि दोरीला हात घालण्याआधी मान वळवून पाहिलं. मुकादम सवयीनं अगदी पाठीशी येऊन उभा राहिला होता, चूक काढायला.

"मागे, मुकादम," ती म्हणाली.

तो दोन पावलं सरकला.

"अजून मागे."

तो अजून मागे गेला.

"त्या दगडापलीकडे."

मुकादमानं दगडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि दगडापलीकडे जाऊन उभा राहिला. तिनं दोरी ओढली.